लातूरचा न पोचवलेला निरोप

पुण्यात कुणालाही नांदेड-लातूरला जाऊन आलो असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “कुणाचं लग्न होतं का?” तिकडे कुणी सहज फिरायला जाईल हे आमच्याकडे पटत नाही. मीही सहज गेलो नव्हतो. पण जे पाहिलं, खाल्लं, ऐकलं ते सांगण्यासारखं आहे, आणि ज्यासाठी गेलो ते तर सांगायलाच हवं.

मी आयुष्यभर आधी दुभाष्याचं आणि मग शिकवण्याचं काम केलं. परदेशी व्यापाऱ्यांशी बोलताना त्यांच्या रीती कोणत्या, आपल्या कोणत्या, मध्ये पाय कुठे घसरतो, हे मी कंपन्यांतल्या मंडळींना शिकवायचो. शिकवताना एक गोष्ट हमखास सांगायचो. लातूरचा एक डाळगिरणीवाला. हॉलंडहून पाहुणे यायचे त्याच दिवशी याच्या घरी सुतक. पठ्ठ्याने गिरणी बंद ठेवली, पाहुण्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही आणि हातचा सौदा घालवला. “तेव्हा मंडळी, बोलणी ठरवण्याआधी समोरच्याचं पंचांग विचारून घ्या!” वर्ग हसायचा. मी निवृत्त झालो, गोष्ट झाली नाही. माझ्याकडे शिकलेले लोक ती पुढे आपल्या वर्गांत सांगू लागले.

ती गोष्ट खोटी आहे.

दिवाळीनंतर एका मुलीचा फोन आला. हैदराबादला व्यापाराच्या एका प्रशिक्षणात तिने ही गोष्ट ऐकली होती आणि विचारत विचारत ती माझ्यापर्यंत पोचली होती. ओळख वगैरे न देता तिने विचारलं, “लातूरच्या गिरणीवाल्याची ती गोष्ट तुमचीच का?”

मी हो म्हणालो.

“तो गिरणीवाला माझा आजोबा आहे. आणि आमच्यात सुतक पाळत नाहीत.”

तिचं नाव अंबिका. आता गिरणी तीच बघते. यंदा आपल्याकडची तूर कमी येणार असं दिसत होतं, त्यामुळे टांझानियातल्या एका व्यापारीणबाईंकडून तूर घ्यायची तिची खटपट चालली होती. बाई यायला तयार होत्या, पण त्यांची एक अट होती : घरातल्या वडीलधाऱ्याशी बसून बोलल्याशिवाय त्या कुणाशीच व्यवहार करत नाहीत. आणि अंबिकेचे आजोबा, गुरुलिंगअप्पा, त्या हॉलंडच्या पाहुण्यांच्या दिवसापासून परदेशी माणसाचं तोंड बघायला तयार नव्हते.

“त्या दिवशी खरं काय झालं ते तुम्हालाच माहीत,” ती म्हणाली. “येऊन सांगा. फोनवर नको. त्यांच्यासमोर बसून.”

नांदेड

अंबिका त्या बाईंना घ्यायला नांदेडला येणार होती, म्हणून मीही आधी तिथेच उतरलो. स्टेशनावर पहाटेची थंडी चांगलीच होती. दर्शनाला आलेल्या शीख कुटुंबांची फलाटावर गर्दी, त्यांच्या निळ्या-केशरी पगड्या, आणि त्यांतून वाट काढत येणारी एक उंच मुलगी, अंबिका, कपाळाला भस्माची बारीक रेघ. तिच्यामागे पन्नाशीच्या, जाड स्वेटरवर मोठ्या फुलांचं रंगीत वस्त्र गुंडाळलेल्या एक बाई. याच त्या टांझानियाच्या नीमाबाई.

त्यांनी मला बघताच गुडघे जरासे वाकवले आणि म्हणाल्या, “शिकामू.”

त्यांच्याकडे वयाने मोठ्या माणसाला हेच म्हणतात. मुळात त्याचा अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा आहे, असं त्यांनी इंग्रजीत समजावलं. मोठ्याने उत्तरादाखल “मराहाबा” म्हणायचं. मी म्हणालो. मग त्यांनी विचारलं, झोप लागली का, घरचे कसे आहेत, गुडघे दुखतात का, पुण्यात पाऊस कसा झाला. सगळ्याची उत्तरं ऐकून घेतल्यावरच आम्ही जिन्याकडे वळलो. माझ्या वर्गात मी शिकवायचो की परदेशी माणसाशी पहिल्या भेटीत घरचं बोलू नये. कुठल्या परदेशी माणसाशी, ते मात्र कधी सांगितलं नव्हतं.

स्टेशनाबाहेर एका हॉटेलात नाश्त्याला सुशीला मागवली. पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी देऊन हा पदार्थ करतात आणि मराठवाड्यात तो घरोघरी होतो. पोह्यांपेक्षा हलका, आणि लिंबू पिळलं की फार चांगला लागतो. नीमाबाईंनी दोन प्लेट खाल्ल्या आणि वेटरला विचारलं, “या सुशीलाबाई आत आहेत का? त्यांना सांगायचंय.” अंबिकेने ते मराठीत सांगितलं तेव्हा गल्ल्यावरचा मालक म्हणाला, “आत गणपत हाय. त्याला सुशीला म्हनलं तर चालतंय का बघा.”

अंबिका तेवढ्यापुरती हसली. माझ्याशी ती नीट वागत होती, पण मोजकंच बोलत होती. माझी बॅग मात्र तिने मला उचलू दिली नाही.

धर्माबाद

लातूरला जायच्या आधी एक दिवस हाताशी होता. नीमाबाईंना मिरचीचा बाजार बघायचा होता, म्हणून आम्ही मुदखेड-उमरीवरून धर्माबादला गेलो. तेलंगणाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. दुकानांच्या पाट्यांवर मराठीखाली तेलुगू, आणि माणसंही एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरतात.

मोंढ्यात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, मिरचीचे ढीग पसरलेले होते. लांबून ते दृश्य इतकं देखणं होतं की मी भान विसरून पुढे गेलो. चार पावलांवर पहिली शिंक आली. मग थांबेचनात. चष्मा पडला, तो उचलायला वाकलो तर तोंड आणखी खाली मिरचीत. नीमाबाईही अंगावरच्या वस्त्राने नाक धरून शिंकत होत्या. ज्यांच्याकडे आम्ही आलो होतो ते आडते, व्यंकटराव, शांतपणे पान चघळत उभे होते.

“मिरचीला पाव्हणा कळत न्हाई,” ते म्हणाले. “गूळ खा जरा. ठसका थांबंल.”

गूळ खाल्ला, पाणी प्यालो. मग व्यंकटरावांनी नीमाबाईंकडे वळून थेट विचारलं, “लेकरं किती बाईंना?”

मी सवयीने मधे पडलो. इंग्रजीत म्हणालो, हे आपल्या प्रवासाची चौकशी करताहेत. अंबिकेने माझ्याकडे पाहिलं आणि खरा प्रश्न सांगितला. नीमाबाईंचा चेहरा खुलला. चार मुलं, एक नातू. सगळ्यांची नावं सांगितली. म्हणाल्या, “आमच्याकडे जो लेकरांचं विचारत नाही, तो फसवायला आलाय असं समजतात.”

पुढे एका ढिगापाशी नीमाबाई थांबल्या. रंग छान होता. व्यंकटराव म्हणाले, “बाईंना सांगा, ह्यो माल घेऊ नका. रंग हाय, पर बी गळून राहिलं. हलका माल हाय.”

मी सांगितलं की या मालाचा दर्जा थोडा वेगळा आहे.

“काका,” अंबिका म्हणाली, “ते असं नाही म्हणाले.”

“मथितार्थ तोच.”

“तोच नाही. ते आपलाच माल घेऊ नका म्हणाले. तुम्ही ते गाळून टाकलं. तुम्ही अजून गाळूनच देता.”

व्यंकटरावांना इंग्रजी येत नव्हतं, पण काय झालं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी हातात मूठभर मिरची घेतली, मोडली, आतलं बी नीमाबाईंच्या तळव्यावर ओतलं. त्या मान हलवून हसल्या. त्या दोघांना माझी गरज नव्हती.

दुपारी व्यंकटरावांच्या घरी जेवलो. भाकरी, अंबाडीची भाजी आणि येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची आमटी. तिखट जपून खा असं मी नीमाबाईंना सांगायला गेलो, तर त्या वाटीने येसर पीत होत्या आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लातूरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून निघून गोदावरी ओलांडली. विष्णुपुरी धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लांबवर पसरलेलं, त्यावर धुकं. लोहा गेल्यावर जमीन उघडी होत गेली. वेळ अमावस्या होऊन थोडेच दिवस झाले होते. त्या दिवशी इकडे सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा मांडतात, हिरव्या दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील खातात, आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही बोलावून जेवू घालतात. खोपी अजून शेतांत उभ्या होत्या. काही ठिकाणी तूर काढून झाली होती, काही ठिकाणी काळपट शेंगांनी लगडलेली उभी होती.

नीमाबाईंनी गाडी थांबवायला लावली. बांधावर उतरून त्यांनी शेंग सोलली, दाणा दाताखाली धरला. “म्बाझी,” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडचं तुरीचं नाव. नारळाच्या दुधात शिजवतात म्हणे. मग गाडीत बसल्यावर त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही त्या घरी कशासाठी चालला आहात? तूर तर तुम्ही विकत नाही.”

अंबिका पुढे बसली होती. तिची मान हलली नाही, पण ती ऐकत होती. मी सांगितलं.

तेव्हा मी मुंबईच्या एका निर्यात पेढीसाठी काम करत होतो. हॉलंडहून दोन खरेदीदार आले होते. त्यांतला थोरला यान, साठीचा, शांत माणूस. आम्ही लातूरला पोचलो तर गिरणी बंद. आदल्या दिवशी गोदामात पोत्यांची थप्पी कोसळली होती आणि तिच्याखाली एक हमाल दगावला होता. गुरुलिंगअप्पा फाटकात उभे होते. मला म्हणाले, “पाव्हण्यांना सांगा, काल आमचा माणूस गेला. आज गिरणी चालायची न्हाई. उद्या सगळं दाखवतो. आज आमच्या घरी जेवा, राहा.”

इतकं साधं वाक्य होतं. कुठल्याही भाषेत जसंच्या तसं गेलं असतं.

पण निघताना पेढीच्या साहेबांनी मला बजावलं होतं की हे लोक कामगारांच्या बाबतीत फार चौकस असतात, वेडंवाकडं काही कानावर जाऊ देऊ नका. मी घाबरलो. यानकडे वळून म्हणालो, यांच्या कुटुंबात मृत्यू झाला आहे, यांच्या धर्माप्रमाणे हे आता काही दिवस अशुद्ध आहेत, व्यवहार करू शकत नाहीत आणि तुम्हाला आपल्या घरचं अन्नपाणीही देऊ शकत नाहीत. यानने घड्याळ पाहिलं, कारण दुपारची गाडी मिळते का ते बघायला मीच सुचवलं होतं. मग त्याने संकोचून स्मित केलं, अप्पांचा हात हातात घेतला, आणि आम्ही न जेवता निघालो. सौदा दुसऱ्या गावच्या गिरणीशी झाला.

अहमदपूर जवळ आलं. मग नीमाबाईंनी विचारलं, “जो माणूस गेला, त्याचं नाव काय होतं?”

मला ते माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या सीटवरून, मागे न बघता, अंबिका म्हणाली, “तुळशीराम.”

लातूर

गंजगोलाईला वळसा घालून आम्ही गिरणीकडे गेलो. गोल बाजारपेठ, मधोमध देवीचं मंदिर, आणि चहूकडे फुटणारे रस्ते, एकावर सोनार, एकावर कापड, एकावर गुळाचे व्यापारी. पुण्यात रस्ता विचारला तर माणूस पत्ता सांगतो. इथे सांगणारा अर्धा रस्ता आपल्याबरोबर चालत येतो आणि आपलं गाव, जात, काम सगळं विचारून घेतो.

गिरणीच्या अंगणात, भरडण्याआधी तेल-पाणी लावलेली तूर वाळत पसरलेली होती. तिचा ओलसर, गोडूस वास हवेत होता. अंबिकेने नीमाबाईंना वडाखालच्या खुर्चीवर बसवलं आणि मला आत नेलं.

अप्पा गादीवर बसले होते. ऐंशी उलटलेलं वय, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. कान शाबूत होते, नजरही. मी नमस्कार केला.

“अप्पा, हे पुण्याचे साहेब,” अंबिका म्हणाली. “दुभाषी.”

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. “कुठले दुभाषी?”

“हॉलंडचे पाहुणे घेऊन आलो होतो,” मी म्हणालो. “खूप वर्षं झाली.”

“हां.” त्यांचा आवाज बदलला नाही. “ते घड्याळ बघणारे. मी म्हनलं माझा माणूस मेलाय, आन् त्या गोऱ्यानं घड्याळ बघितलं. हसला बी. मयताच्या दारात कुत्रं सुदिक जरा थांबतंय, साहेब.”

“अप्पा, त्याला कळलंच नव्हतं. मी त्याला सांगितलंच नाही.”

“काय न्हाई सांगितलं?”

“तुमचा माणूस गेला, हे.”

अंबिका दाराला टेकून उभी होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग काय सांगितलं?”

“सुतक आहे म्हणून.”

“कुनाला?”

“तुम्हाला.”

त्यांनी सदऱ्याच्या आतून लिंगायतांच्या गळ्यात असते ती लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली आणि बोटांत धरली. “हे गळ्यात असल्यावर सुतक कसलं? जल्माचं न्हाई, मरणाचं न्हाई. लातुरात शेंबडं पोरगं सांगंल तुमाला.”

“मला माहीत नव्हतं. आमच्या घरी पाळतात. म्हणून मला वाटलं...”

“म्हंजे तुमचं सुतक आनून मला लावलं.”

हॉलंड आणि हिंदुस्थान यांच्यातले फरक मी लोकांना समजावून सांगायचो, आणि पुणे व लातूर यांच्यातला मला ठाऊक नव्हता.

मग राहिलेलं सांगितलं. हे मी गाडीत नीमाबाईंनाही सांगितलं नव्हतं. परत जाताना वाटेत यानने मला विचारलं होतं, “त्यांच्या घरी कोण वारलं?” मी म्हणालो, त्यांचे चुलते. त्यावर तो म्हणाला, आपण फुलं पाठवू या का? मी म्हणालो, इकडे तशी पद्धत नाही.

“कोन चुलता?” अप्पा म्हणाले. “माझा बाप एकुलता एक.”

“अप्पाला नसलेला चुलता काढला आन् मारून बी टाकला,” अंबिका दारातून म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

अप्पांनी तिला हाताने गप्प केलं. खिडकीतून अंगणात तूर हलवणाऱ्या बायकांच्या फावड्यांचा आवाज येत होता. अप्पा म्हणाले, “फुलं म्हनला त्यो?”

“हो.”

“आन् मी जल्मभर त्याला शिव्या दिल्या. ह्या पोरांना सांगितलं, त्या लोकांच्या छातीत काळीज नसतंय, वजनकाटा असतोय. दारात उभं करून घेऊ नका.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हाय का त्यो?”

“नाही. वारला. मला पेढीतून कळलं होतं.”

“तुमाला तसं बोलायला कुनी सांगितलं?”

“आमच्या साहेबांनी ताकीद दिली होती.”

“ते त्या दिसाचं झालं. भीती वाटली आसंल, माणूस हाय. पर पुढं गावोगाव गोष्ट सांगत फिरलात, तवा कोन साहेब व्हता?”

“कुणी नव्हता,” मी म्हणालो. “लोक हसायचे.”

“आन् तुळशीराम कुठं हाय तुमच्या गोष्टीत?”

“नाही.”

“मला येडा केलं, ते सोडा. मी जिता हाय, मी बघून घेतो. त्याला तुमी मेल्यावर गायब केलं.”

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कळलं नाही. त्यांनी टोपी घातली, भिंतीचा आधार घेऊन उठले आणि अंबिकेला म्हणाले, “कुठं बसवलीस बाईला?”

वडाखाली नीमाबाई त्यांना बघून उभ्या राहिल्या. गुडघे वाकवले. “शिकामू.”

“काय म्हनली?”

मी अर्थ सांगितला आणि उत्तर काय द्यायचं तेही सांगितलं.

“मराहाबा?” अप्पांच्या कपाळावरच्या आठ्या जरा हलल्या. “आमच्या आजाच्या तोंडी व्हता की ह्यो शबूद. निजामाच्या टायमाचा. कोन आलं की मरहबा, मरहबा.” मग नीमाबाईंकडे बघून नीट म्हणाले, “मरहबा, बाई. बसा.”

ते समोर बसले आणि मला बोटाने शेजारची खुर्ची दाखवली. “मी बोलतो तसं सांगा. वरचं न्हाई, खालचं न्हाई.”

आणि त्यांनी तुळशीरामचं सांगितलं. मुदखेडकडचा माणूस, लग्नानंतर इकडे आला. गळा चांगला होता, पोती वाहताना गाणी म्हणायचा. थप्पी चुकीची लागली होती, तळ ओला होता, आणि ते आदल्या दिवशी कुणीतरी अप्पांना सांगितलं होतं. अप्पा उद्या बघू म्हणाले. “चूक माझी व्हती, ते बी सांगा.” मी सांगितलं. हे वाक्य इंग्रजीत नेताना माझी जीभ सवयीने मऊ शब्द शोधत होती. नीमाबाई माझ्याकडे नाही, अप्पांकडे बघत होत्या. संपल्यावर त्यांनी हात छातीवर ठेवला. “पोले,” त्या म्हणाल्या. “पोले साना.”

त्यांच्याकडे दुःख झालेल्याला हेच म्हणतात. किती वर्षांपूर्वीचं दुःख, ते बघत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, “त्याच्या घरी कोण आहे?”

“लेक हाय,” अप्पा म्हणाले. “हितंच. चाळणीवर.”

त्या दिवशी तुरीच्या दराचं बोलणं झालं नाही. ते दुसऱ्या दिवशी झालं, मी पुण्याच्या गाडीत असताना, आणि जमलं, असं अंबिकेने नंतर फोनवर सांगितलं. त्या दिवशी फक्त जेवण. शेंगापोळी, कडक भाकरी, भरलं वांगं, कारळाची चटणी, आणि गव्हाची खीर, तिला हे लोक हुग्गी म्हणतात. अप्पा वयाला न शोभेलशा चपळाईने पंगतीत स्वतः वाढत होते. नीमाबाईंच्या ताटात त्यांनी पोळी टाकली, त्यांनी हात आडवा धरला तर हाताखालून दुसरी सरकवली, वर तूप ओतलं. “आमच्या घरी न्हाई म्हनायचं नसतंय!” नीमाबाई हसत होत्या. त्यांच्याकडेही म्हणे पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं असतं आणि ते कुणी ऐकायचं नसतं.

माझ्या ताटातही अप्पांनी पोळी वाढली. तूप वाढलं. मी पुरे म्हणालो. त्यांनी तुपाचं भांडं उचललं आणि पुढे गेले.

मराठी माणसाला याचा अर्थ सांगायला नको.

जेवणानंतर मी अंबिकेला म्हणालो, मला चाळणीपाशी घेऊन चल. ती म्हणाली, “मी येणार नाही. रस्ता दाखवते.”

फुटलेली डाळ जिथे चाळली जाते ती खोली लांबट आणि धुळीने पिवळी झालेली होती. यंत्र जेवणाच्या सुट्टीत बंद होतं. एक बाई पंचेचाळिशीच्या आसपासची, डोक्याला फडकं बांधलेलं, चाळणीच्या जाळीत अडकलेली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, ब्रशने काढत होती. तीच तुळशीरामची लेक, मंगल. मी माझं नाव सांगितलं.

“ठाव हाय,” ती म्हणाली. “अप्पा जेवनाआधी येऊन सांगून गेले.” हात चालूच होते. “मी ल्हान व्हते. गोरी माणसं आली व्हती म्हनून आय सांगायची. म्हनायची, तुझ्या बापाचं मयत बघून बी न्हाई थांबले.”

“ती त्यांची चूक नव्हती. माझी होती.”

“व्हय, सांगितलं अप्पांनी.” तिने ब्रश झटकला. “काय इचारलं व्हतं त्या गोऱ्यानं? नीट सांगा.”

“कोण वारलं, असं.”

“आन् तुमी म्हनलात अप्पांचा चुलता.”

“हो.”

ती जाळीवरून बोट फिरवत राहिली. मी म्हणालो की आता मी हे लिहून काढणार आहे. ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली त्यांतले जितके सापडतील तितक्यांना कळवणार आहे. तिच्या वडिलांच्या नावासकट.

“लिवा की,” मंगल म्हणाली. “लिवाच.” मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “पर ज्यानं इचारलं व्हतं, त्यो गेला न्हवं? त्याचा जवाब ऱ्हायलाच मंग.”

“राहिला,” मी म्हणालो.

बाहेर भोंगा झाला. तिने फडकं तोंडावर ओढलं आणि यंत्राचं बटण दाबलं. चाळणी सुरू झाली, आणि त्या आवाजात कुणालाच काही बोलता येत नाही. मी धुळीतून वाट काढत अंगणात आलो.